कन्सल्टंटची एम्प्लॉयी झाले, मग मागची चार वर्षं कुठे गेली?

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. वर्षानुवर्षं कंत्राटावर किंवा कन्सल्टंट म्हणून काम करणाऱ्या माणसाला कंपनी आता पेरोलवर घेतेय, किंवा कोर्टाने घ्यायला लावलंय, आणि घरात आनंद आहे पण सोबत प्रश्नांची रांग. गेल्या २१ नोव्हेंबरला, म्हणजे २०२५ मध्ये, चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यानंतर हे प्रश्न माझ्याकडे जास्तच यायला लागलेत. म्हणून या वेळचं सदर सगळं याच्यावरच. एक आधीच सांगते, नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून सुरू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, पण तुम्ही सगळे अजून १९४जे (फीमधून टीडीएस कापायचं कलम) आणि ४४एडीए (फीच्या निम्मंच उत्पन्न धरायचं कलम) असंच लिहिता, अकाउंटवाले पण तसंच बोलतात, म्हणून मी जुनीच नावं वापरतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. मे २०२२ मध्ये लागले तेव्हा एचआर म्हणाले की सध्या जागा मंजूर नाहीये, तू कन्सल्टंट म्हणून ये, सहा महिन्यांत पेरोलवर घेऊ. ते सहा महिने काही संपले नाहीत. मी दर महिन्याला ७० हजारांचं बिल देते, १० टक्के टीडीएस कापून ६३ हजार येतात. वेळ सगळ्यांसारखीच साडेनऊ ते साडेसहा, लॅपटॉप कंपनीचा, रजा मॅनेजरला विचारून, आणि रजा घेतली की बिलातून दिवस वजा. आयकार्ड सगळ्यांना निळ्या पट्टीचं, मला पिवळ्या. आता १ जुलैपासून पेरोलवर घेतायत, सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, तेवढाच, ८ लाख ४० हजार. पण ऑफर लेटरसोबत एक पानाचं डिक्लरेशन आहे, त्यात लिहिलंय की आधीच्या काळाबद्दल माझा कंपनीवर कसलाही क्लेम नाही आणि राहणार नाही. सही करू का? मागच्या चार वर्षांचा पीएफ, ग्रॅच्युइटी मिळेल का? हातात किती येतील? आणि एक गोष्ट, मला तिसरा महिना चालू आहे, ऑफिसमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही. — स., पुणे

तुमच्या पत्रातली पिवळ्या पट्टीची ओळ वाचून मी थोडा वेळ थांबलेच. चार वर्षं शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीसारखंच काम करायचं आणि गेटवर रोज आपली पट्टी वेगळी दिसायची, हे सोपं नसतं. आधी अभिनंदन, बाळाचं पण.

आता कायदा काय बघतो ते सांगते. करारावर कन्सल्टंट लिहिलंय, रिटेनर लिहिलंय की आणखी काही, यावर गोष्ट संपत नाही. काम कोण ठरवतं, कसं करायचं हे कोण सांगतं, वेळ कुणाची, साधनं कुणाची, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं का, बाहेर चार जणांची कामं घेता येतात का, हे सगळं मिळून बघितलं जातं. यातली एकच गोष्ट धरून निकाल लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या केसमध्ये मीठ पिकवणाऱ्या अगरियांना कामगार मानलं होतं. १९७३ ची सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसची केस तर मला समजावून सांगायला फार आवडते, कारण ती शिंप्यांच्या दुकानाची आहे. शिंप्यांना नगावर पैसे, कुणी कधी काम घरीही न्यायचं, तरी मशीन मालकाचं, कपडा सांगितल्यासारखा शिवला नाही तर मालक परत उसवून शिवायला लावणार. कोर्ट म्हणालं हे कामगारच. तुमच्याकडे लॅपटॉप कंपनीचा, वेळ कंपनीची, रजा मॅनेजरच्या परवानगीने, म्हणजे तुमची बाजू त्या शिंप्यांपेक्षा कमी तर नक्कीच नाही.

पण बाजू चांगली असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं, म्हणून एकेक घेऊया.

पीएफचं आधी, कारण इथे मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाहीये. पीएफची सक्तीची मर्यादा महिना १५ हजार पगाराची आहे. जिचा पहिलाच जॉब आहे आणि लागतानाच पगार १५ हजारांच्या वर आहे तिला कायद्याने पीएफमधून वगळता येतं, त्यामुळे तुम्ही याआधी कधीच पीएफच्या सभासद नसाल तर कर्मचारी ठरलात तरी मागच्या चार वर्षांचा पीएफ मागणं अवघड जाईल. मात्र हिंजवडीच्या आधी कुठे नोकरी केली होती का, आणि तिथला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे का, ते आजच बघा. एकदा पीएफ खातं सुरू झालेलं असलं की पगार कितीही वाढो, सभासदत्व चालू राहतं, आणि मग कंपनीने निदान १५ हजारांवर तरी १२ टक्के भरायला हवे होते. ते महिना १,८०० होतात. मे २०२२ ते जून २०२६ म्हणजे ५० महिने, म्हणजे कंपनीच्या वाट्याचे ९० हजार, व्याज वेगळं. आणि हे फार लोकांना माहीत नसतं, कंपनीला मागचं भरावं लागलं तर तुमच्या वाट्याची मागची रक्कम ती आताच्या पगारातून अशी कापून घेऊ शकत नाही. ज्या महिन्याचा हप्ता त्याच महिन्याच्या पगारातून कापायचा असा नियम आहे, त्याला अपवाद अगदी थोडे. तक्रार करायचीच झाली तर उशीर नको, नव्या संहितेत पाच वर्षांपेक्षा जुन्या वादावर चौकशी सुरू करता येत नाही.

ग्रॅच्युइटीला पगाराची मर्यादा नाहीये, तिथे प्रश्न फक्त सलग सेवेचा. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षं लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत एका वर्षानंतर प्रमाणात मिळते. तुमची चार वर्षं दोन महिने झालीत. ती धरली तर आणखी दहा महिन्यांत पाच पूर्ण. बेसिक ३५ हजार धरलं तर ३५ हजार भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, साधारण १ लाख १ हजार. ती चार वर्षं पुसली गेली आणि तुम्ही दोन वर्षांनी नोकरी बदलली तर सहा वर्षं काम करून शून्य. त्या एका पानाच्या डिक्लरेशनची किंमत ही आहे.

मग सही करायची का? कायद्याने दिलेला ग्रॅच्युइटीसारखा हक्क कागदावर सही करून सोडून देता येत नाही, असला करार कायद्यापुढे टिकत नाही. पण उद्या वाद झाला की कंपनीचा वकील पहिलं तेच पान काढणार आणि वर्षभर त्याच्यावरच घालवणार. म्हणून माझं स्पष्ट मत, ते पान जसंच्या तसं सही करू नका. आधी एचआरला ईमेल करा, तोंडी नको, की माझी जॉइनिंगची तारीख मे २०२२ पासून धरावी, निदान ग्रॅच्युइटी आणि रजेसाठी तरी. नाहीच म्हणाले आणि नोकरी सोडणं परवडत नाही, जे तुमच्या आताच्या दिवसांत कुणालाच परवडणार नाही, तर ऑफर स्वीकारताना एक वाक्य लिहा : पूर्वीच्या कामाच्या काळाबाबतचे माझे कायदेशीर हक्क राखून मी ही नियुक्ती स्वीकारत आहे. एवढं पुरतं. भांडण लागत नाही आणि दारही बंद होत नाही.

आणि पेरोलवर गेलात की जुना ईमेल आयडी बंद होऊन नवा मिळतो असं बऱ्याच ठिकाणी होतं, त्याच्या आधी तुमचे स्वतःचे कागद घरी आणून ठेवा. ५० महिन्यांची बिलं, बँक स्टेटमेंट, २६एएस (कापलेल्या टीडीएसचा आयकर पोर्टलवरचा तक्ता), रजा मंजूर केल्याची मेल, हजेरीचे स्क्रीनशॉट, आणि त्या पिवळ्या पट्टीच्या आयकार्डचा दोन्ही बाजूंचा फोटो. क्लायंटचा डेटा, कोड वगैरे काहीही घेऊ नका, ते तुमच्यावरच उलटेल.

बाळंतपणाच्या रजेचं ऐका, इथे काळजी कमी करा. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तुमची तारीख डिसेंबरच्या आसपास येईल, १ जुलैला जॉइन झालात तरी ८० दिवस ऑक्टोबरच्या आत भरतात, म्हणजे कंपनीने जुनी वर्षं मोजली नाहीत तरी ही रजा तुमचीच. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. ऑफर स्वीकारताना गरोदर आहात हे सांगितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे. आणि नियुक्ती देतानाच या रजेची माहिती लेखी द्यायची जबाबदारी २०१७ पासून कंपनीवरच आहे. ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला वेटिंग पिरियड आहे का तेवढं वाचून घ्या, ती विम्याची बाब आहे, रजेची नाही.

आता हातात किती. सीटीसी तेवढाच म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पण त्या ७० हजारांतूनच निघणार. बेसिक ३५ हजार आणि पीएफ पूर्ण बेसिकवर धरला तर कंपनीचे ४,२०० गेले, ग्रॅच्युइटीचे साधारण १,६८४, तुमच्या वाट्याचे ४,२००, प्रोफेशनल टॅक्स २००. उरले ५९,७१६. आता ६३ हजार येतात, म्हणून वाटतं की फक्त सव्वातीन हजारांचाच फरक, पण ते ७ हजार जे टीडीएसचे कापले जात होते ते तुम्हाला रिफंडमध्ये परत येत होते ना, कारण ४४एडीएमध्ये निम्मंच उत्पन्न धरलं जायचं, ८ लाख ४० हजारांचे ४ लाख २० हजार, आणि त्यावर टॅक्स काही लागत नव्हता. म्हणजे खरी घट १० हजारांच्या पुढे आहे. त्यातले ८,४०० तुमच्याच पीएफ खात्यात जातात हे खरं, पण बाळ येणार त्या वर्षी हातातले पैसे पण लागतातच. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० अधिक १,८०० असा ठेवता येतो का विचारा, तसं केलं तर महिन्याला ४,८०० हातात जास्त येतात. हा निर्णय घरी बसून करा, एचआरच्या केबिनमध्ये नको.

टॅक्सचं या वर्षी असं. एप्रिल ते जून तीन महिन्यांची बिलं २ लाख १० हजार, त्याचे निम्मे १ लाख ५ हजार धंद्याचं उत्पन्न. जुलैपासून पगार, आणि नऊच महिन्यांचा पगार असला तरी ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन पूर्ण मिळतं, महिन्यांच्या हिशोबात तुटत नाही. दोन्ही मिळून तुम्ही सव्वासहा लाखांच्याही आत, नव्या रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, तेव्हा तीन महिन्यांचे कापलेले २१ हजार रिफंड. पगार आणि ४४एडीए दोन्ही एकाच सुगम रिटर्नमध्ये बसतात. जूनचं बिल जुलैत पास होईल, ते चुकून पगारात घातलं जात नाही ना यावर लक्ष ठेवा. आणि स्वतःच्या नावाने प्रोफेशनल टॅक्सचं एनरोलमेंट घेतलं असेल तर आता कंपनी पगारातून कापणार आहे, म्हणून ते रद्द करायचा अर्ज करा, नाहीतर वर्षाचे अडीच हजार दोन्हीकडून मागतील.

तुमच्या मनात आणखी एक भीती असणार, सगळ्यांच्याच असते. मी कर्मचारी होते असं म्हटलं तर ४४एडीएने भरलेले जुने रिटर्न खोटे ठरतील का? आपोआप ठरत नाहीत. टॅक्सचा कायदा आणि कामगारांचा कायदा आपापल्या दारातून बघतात. आपल्या पुण्यातल्याच ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या केसमध्ये प्रश्न होता की कन्सल्टंट डॉक्टरांना दिलेले पैसे पगार की फी, आयकर खातं म्हणत होतं पगार, २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खात्याचं ऐकलं नाही, करारातल्या अटी आणि डॉक्टरांचं स्वातंत्र्य बघून फी मानली. पण तुम्हाला ते डॉक्टरांसारखं स्वातंत्र्य नव्हतं हेही खरं, तेव्हा खात्याने विचारलं तर पगार ठरवायची शक्यता शून्य नाही. तुम्ही काही लपवलेलं नाही, कंपनीने ज्या कलमाखाली टीडीएस कापला त्याप्रमाणे प्रामाणिकपणे रिटर्न भरलं. मोठा क्लेम टाकायच्या आधी एकदा सीएसमोर चारही रिटर्न ठेवून बसा.

प्रश्न : मी सोलापूरचा, एका कंपनीचं डिजिटल मार्केटिंग बघत होतो, वर्षाचं बिल २४ लाखांच्या आसपास, म्हणून जीएसटी नंबर घेतला होता. आता त्याच कंपनीत नोकरीला लागलोय. पगारावर पण १८ टक्के लावायचे का? नंबर राहू दिला तर चालेल? — अ., सोलापूर

नाही लावायचे. नोकराने मालकासाठी नोकरीत केलेलं काम जीएसटीच्या हिशोबात सेवा धरलंच जात नाही. नंबर नुसता पडून ठेवू नका, व्यवहार नसला तरी निल रिटर्न भरावंच लागतं आणि राहिलं की लेट फी चढत जाते. पोर्टलवर आरईजी-१६ हा फॉर्म भरून नंबर रद्द करा, रद्द झाल्याची ऑर्डर आली की तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न, हेच सगळे विसरतात. बाहेरची छोटी कामं चालू ठेवायचा विचार असेल तर आधी अपॉइंटमेंट लेटर वाचा, बहुतेक लेटरमध्ये दुसऱ्या कामाला मनाई असते.

प्रश्न : ताई, मी नाशिकला फूड डिलिव्हरी करतो. नवीन कायदा आला, आता आम्ही कंपनीचे एम्प्लॉयी झालो असं ग्रुपवर फिरतंय. खरं का? — एक वाचक

नाही हो, अजून नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्कर आणि प्लॅटफॉर्म वर्कर हे शब्द पहिल्यांदा आलेत, पण ते कर्मचाऱ्यापेक्षा वेगळे म्हणून. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के, आणि तुम्हा लोकांना दिलेल्या पैशांच्या जास्तीत जास्त ५ टक्के, एवढी रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, त्यातून अपघात, आरोग्य वगैरेच्या योजना. पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा यातलं काही आपोआप मिळत नाही. आधार घेऊन सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव मात्र घालून ठेवा, योजनांचा लाभ त्या नोंदणीवरूनच मिळणार आहे. उन्हात, पावसात तुम्ही गाडी चालवता, तुम्हाला याहून जास्त मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण जे नाही ते आहे म्हणून सांगणार नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला. सहा वर्षं स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून एका मोठ्या क्लायंटकडे कॉन्ट्रॅक्टिंग करतोय. आता क्लायंटने पत्र दिलंय की तुमचं काम इनसाइड आयआर३५ आहे. म्हणजे पेमेंटमधून पगारासारखा टॅक्स कापणार. मग मला पगारी सुट्टी, पेन्शन, नोकरी गेली तर रिडंडन्सी, हे पण मिळणार का? इथले मराठी मित्र दोन्ही बाजूंनी बोलतात. — प्र., रेडिंग

तुमचा प्रश्न पुण्याच्या ताईंच्या अगदी उलटा आहे म्हणून मुद्दाम घेतला. थेट उत्तर, त्या पत्राने तुम्ही फक्त टॅक्सपुरते कर्मचारी झालात. आयआर३५, म्हणजे स्वतःच्या कंपनीतून आलात तरी काम नोकरासारखं असेल तर टॅक्सही नोकरासारखाच, हा नियम २००० सालचा, काम त्यात बसतं का हे एप्रिल २०१७ पासून सरकारी आणि एप्रिल २०२१ पासून मध्यम-मोठ्या खाजगी क्लायंटने स्वतः ठरवायचं असं झालं. पण तो टॅक्सचा नियम आहे. त्यातून सुट्टी नाही, सिक पे नाही, रिडंडन्सी नाही. ते मागायचं तर वेगळा रस्ता, एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनल, आणि तिथे तुम्ही स्वतःच्या कंपनीमार्फत आलात हा मुद्दा आडवा येतो. उलटं उदाहरण तिथलंच आहे, फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरना वर्कर मानलं, त्यांना किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळाली, पण टॅक्समध्ये ते स्वयंरोजगारीच राहिले. टॅक्सचं दार आणि हक्कांचं दार, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

तुम्ही काय करायचं? क्लायंटने कारणांसकट निर्णय दिलाय का बघा, नुसतं एका ओळीचं पत्र चालत नाही. पटत नसेल तर लेखी हरकत घ्या, त्यांना ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एम्प्लॉयरच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी) एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झालाय, तो पैसे देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायचा, तुमच्या पेमेंटमधून कापायचा नाही, तेव्हा रेट कमी करा म्हणाले तर नेमकं कशासाठी हे विचारा. टॅक्स कापून जे कंपनीच्या खात्यात येईल त्यावर तुम्ही पगार म्हणून काढताना परत टॅक्स लागत नाही. व्हॅट असेल तर तो पूर्वीसारखाच.

आणि जर टॅक्स नोकरासारखाच जाणार असेल तर हक्क पण घेऊन टाका असं मी म्हणेन. अंब्रेला कंपनीत, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरना स्वतःच्या पेरोलवर घेऊन क्लायंटकडे पाठवणाऱ्या कंपनीत, गेलात तर तिचे खरेखुरे कर्मचारी होता, वर्षाला ५.६ आठवडे पगारी सुट्टी आणि पेन्शनमध्ये एम्प्लॉयरचा किमान ३ टक्के वाटा मिळतो, मात्र तिथे एम्प्लॉयरचा इन्शुरन्स ठरलेल्या रेटमधूनच निघतो, म्हणून हातात येणारा आकडा आधी कागदावर मागा. किंवा क्लायंटला सरळ म्हणा, मला पेरोलवर घ्या. सहा वर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाने हे विचारण्यात गैर काहीच नाही.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर २०११ पासून एका महापालिकेत कंत्राटदाराकडून कचऱ्याच्या गाडीवर होते. युनियनने केस लढली, त्यांना कायम केलं. जानेवारीत मागच्या सहा वर्षांच्या फरकाचे ९ लाख एकदम आले, २०१९-२० ते २०२४-२५ चे, वर्षाला दीड लाखाप्रमाणे. पण ऑफिसने त्यातून ७४,१०० रुपये टॅक्स कापला. आयुष्यात पहिल्यांदा टॅक्स भरला. आताचा पगार वर्षाला साडेचार लाख, आधी कंत्राटदार वर्षाला दोन लाखच द्यायचा. हे पैसे गेले का? मुलीची कॉलेजची फी त्यातूनच भरायची होती. — शेवटचं नाव नको, एक पत्नी

गेले नाहीत. पूर्ण ७४,१०० परत मिळू शकतात, फक्त एक फॉर्म योग्य वेळी भरायचाय.

ऑफिसने चूक केलेली नाही. साडेचार लाख पगार अधिक ९ लाख फरक, साडेतेरा लाख, त्यातून ७५ हजार वजा जाऊन १२ लाख ७५ हजार. सूट १२ लाखांपर्यंतच, म्हणून ७१,२५० टॅक्स आणि ४ टक्के सेस, बरोबर ७४,१००. पण ही कमाई एका वर्षाची नाहीच. कलम ८९ सांगतं की फरक ज्या ज्या वर्षाचा असेल त्या त्या वर्षात घालून बघा. मग काय दिसतं? दोन लाख मजुरी अधिक दीड लाख फरक, साडेतीन लाख, त्यातून ५० हजारांचं डिडक्शन, उरले तीन लाख. त्या सगळ्या वर्षांत ५ लाखांपर्यंत टॅक्स शून्यच होता. म्हणजे तुमच्या मिस्टरांना फरक वेळेवर मिळत गेला असता तर त्यांनी एक रुपयाही टॅक्स भरला नसता, आणि पैसे उशिरा मिळाले ही त्यांची चूक नाही.

त्यासाठी आयकर पोर्टलवर फॉर्म १०ई भरायचा, त्यात सहाही वर्षांचे आकडे वेगवेगळे लागतात, म्हणून ऑफिसकडून फरकाचा वर्षवार तक्ता लेखी मागून घ्या. कंत्राटदाराकडच्या मजुरीचा कागद नसेल तर पीएफ पासबुक आणि बँकेचं पासबुक चालेल, त्यातून आकडा काढता येतो. आधी १०ई, नंतर रिटर्न. उलटं केलंत, किंवा १०ई न भरता रिटर्नमध्ये सूट मागितलीत, तर सूट नाकारल्याची नोटीस येते, आणि दरवर्षी किती तरी लोक इथेच अडकतात. रिटर्नची मुदत ३१ जुलै, पण फीची तारीख जवळ असेल तर आत्ताच भरा, रिफंड लवकर येतो.

दुसरं, ऑर्डरची प्रत घरात आहे का? नसेल तर युनियनकडून घ्या आणि कायम केल्याची तारीख कोणती लिहिलीय ते वाचा. कंत्राटी माणूस आपोआप कायम होत नाही, सुप्रीम कोर्टाने २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात ते स्पष्ट केलंय. पण कंत्राट नुसतं दाखवायला होतं असं सिद्ध झालं तर माणूस पहिल्यापासून मूळ मालकाचाच धरला जातो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हेच लढून मिळवलं, २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१७ मध्ये कायम ठेवला. तुमच्या ऑर्डरमध्ये जी तारीख असेल तिच्यापासून ग्रॅच्युइटी, रजा, पगारवाढ सगळं मोजायचं, आणि सर्व्हिस बुकात पण तीच तारीख पडली पाहिजे. क्लार्क बऱ्याचदा प्रत्यक्ष रुजू झाल्याची तारीख टाकतात. मिस्टरांना सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी अर्धा दिवस काढून आस्थापना विभागात पाठवा, सोबत तुम्ही जा, सर्व्हिस बुकचं पहिलं पान स्वतः डोळ्याने बघा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा.

वर्षवार तक्ता मिळाला की मला पाठवा, १०ई भरायला मी मदत करते.